ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट: पुठ्ठ्याच्या मॉडेलच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

ठरवलं एकदाचं. दोन वर्षं ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये ज्या चर्चच्या अंगणात जाऊन डबा खाते त्याचंच मॉडेल करायचं. ऑक्सफर्ड सर्कसच्या गर्दीतून पाच-सात मिनिटं चाललं की मार्गारेट स्ट्रीट लागतो, तिथे ऑफिसांच्या रांगेत मधेच एक कमानीचं फाटक आहे, आत छोटासा चौक, आणि चौकात उभं राहिलं की मान पाठीला टेकेपर्यंत वर बघावं लागतं एवढं उंच चर्च. ऑल सेंट्स. आर्किटेक्ट विल्यम बटरफिल्ड, काम सुरू १८५०, पूर्ण १८५९.

हेच का, तर त्याला कारण आहे. मुंबईला आर्किटेक्चर करत असताना आम्हाला कुलाब्याच्या अफगाण चर्चचं मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे असलेली इमारत मोजून कागदावर काढणं, होतं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी बांधलेलं ते, हेन्री कॉनिबिअरचं डिझाइन, १८५८ मध्ये चर्च उघडलं आणि टॉवरचं टोक पूर्ण व्हायला १८६५ उजाडलं. माझ्या वाट्याला आतली टाइल्सची फरशी आली होती, गुडघे फुटेपर्यंत मोजली, आणि तेव्हा सरांनी सांगितलं होतं की आतलं बरंचसं काम बटरफिल्डने इंग्लंडात बसून काढून दिलंय. मुंबई त्याने आयुष्यात बघितली नाही. ते नाव डोक्यात कुठेतरी राहिलं, आणि इथे नोकरीला आल्यावर ऑफिसच्या मागच्या गल्लीत तोच माणूस भेटला.

स्केल १:१५०. टॉवर जमिनीपासून टोकापर्यंत २२७ फूट म्हणजे साधारण ६९ मीटर, म्हणजे मॉडेल ४६ सेंटिमीटर. डायनिंग टेबलवर मावतं. नवऱ्याने विचारलं जेवायचं कुठे, म्हटलं चार महिने सोफ्यावर.

१८ जानेवारी

प्लॅन काढून झाला. आणि काढताना पहिल्यांदा कळलं की ही जागा किती चिंचोळी आहे. सगळा प्लॉट साधारण शंभर फूट लांब नि तेवढाच रुंद. त्यात चर्च, पाद्री लोकांचं घर, गाणाऱ्या मुलांची पूर्वीची शाळा आणि वर चौक सोडलेला. माझ्या स्केलला वीस सेंटिमीटरचा पाट, आणि त्यावर सेहेचाळीस सेंटिमीटरचा टॉवर. कागदावर लिहिलेला आकडा वेगळा आणि पाटावर पेन्सिलने खूण करून बाजूला पट्टी उभी धरली तेव्हाचा वेगळा. मुंबईतल्या एखाद्या चाळीच्या प्लॉटवर कोणी कॅथेड्रल मागावं असला प्रकार आहे.

नेव्हला, म्हणजे लोक बसतात त्या मधल्या लांब भागाला, फक्त तीन खण आहेत. तीन! आपल्याकडे पाच खणी घर म्हटलं की लोक मध्यमवर्गीय समजतात. बऱ्याच इंग्लिश चर्चना ह्याहून जास्त खण असतात. इथे लांबी मिळणार नव्हती, म्हणून त्याने सगळं वर ढकललं, तीनच कमानी पण उंच आणि रुंद, त्यावर खिडक्यांची ओळ, त्यावर छप्पर. आत गेलं की तीन खण आहेत असं वाटतच नाही. मी दोन वर्षं जातेय, मलाही मोजल्यावर कळलं.

आधी इथे मार्गारेट चॅपल होतं, साधंच. तिथला फ्रेडरिक ओकली नावाचा पाद्री १८४५ मध्ये चर्च ऑफ इंग्लंड सोडून सरळ रोमन कॅथलिक झाला, केवढा गहजब झाला असेल. त्या काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये दोन तट होते, एकाला वाटायचं चर्च म्हणजे प्रवचन ऐकायचा हॉल, दुसऱ्याला वाटायचं नाही, जुन्या काळासारखी वेदी, पायऱ्या, ऊद, गाणं सगळं परत आणा. दुसऱ्या तटाची एक सोसायटी केंब्रिजला १८३९ मध्ये निघाली होती, पुढे तिचं नाव एक्लिजिऑलॉजिकल सोसायटी झालं, आणि ह्या लोकांना चर्च कसं बांधावं ह्यावर मतंच मतं होती, बाकं कशी, पायऱ्या किती, वेदी किती वर. ऑल सेंट्स म्हणजे त्यांचं सँपल फ्लॅट. असं बांधा म्हणून दाखवायला बांधलेलं. पहिला दगड ठेवायला पुसी आला होता, त्या सगळ्या चळवळीचा मोठा माणूस.

२६ जानेवारी

शिव्या घालाव्याशा वाटतायत आणि घालायच्या कोणाला तर स्वतःलाच.

ट्रेसिंग पेपरवर काढलेला प्लॅन स्कॅन केला तेव्हा कागद उलटा पडला होता. मला कळलं नाही कारण उत्तरेचा बाण मी नंतर, स्कॅनवर काढला, आणि तो अगदी आत्मविश्वासाने काढला. त्यावरून पाट कापला, भिंतींच्या खाचा पाडल्या, चौकाची फरशी चिकटवली. आज लंचला नाही, मुद्दाम रविवारी गेले, चौकात उभी राहून फोनवर मॉडेलचा फोटो बघितला तर टॉवर भलतीकडे. चर्च रस्त्याच्या उत्तरेला आहे, चौक चर्चच्या दक्षिणेला, टॉवर पश्चिमेच्या टोकाला ह्याच चौकाच्या बाजूला. माझ्या मॉडेलमध्ये लोक शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीतून आत येतात.

दोन वीकेंड पाण्यात.

पण एक झालं. उलटं केल्यामुळेच समजलं की हे चर्च आरशात टाकून चालणारच नाही. नेहमी चर्चला उत्तर-दक्षिण दोन्हीकडे खिडक्या असतात, पूर्वेला वेदीमागे मोठी खिडकी असते, सकाळचं ऊन वेदीवर. इथे उत्तरेला शेजाऱ्याची भिंत चिकटलेली, पूर्वेलाही मागे बिल्डिंग. म्हणजे पूर्वेची खिडकीच नाही! उजेड येणार तो चौकाकडून, पश्चिमेकडून आणि वरच्या ओळीतून. मी उलटवलं तेव्हा सगळा उजेड मेलेल्या भिंतीतून येत होता. ह्या चौकावरच चर्चचा श्वास चालू आहे, वाड्यात असतो तसा. आपल्याकडच्या वाड्यांनासुद्धा दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती, मग उजेड-वारा चौकातून घ्यायचा. बटरफिल्डने वाडा बघितला नसेल पण अडचण तीच होती.

९ फेब्रुवारी

उंची. प्लॅन मिळतो, उंची मिळत नाही. टॉवरचा एकूण आकडा आहे पण चौकाच्या बाजूची भिंत किती, खिडकीचा खालचा कट्टा किती, पट्टे कुठे कुठे, ह्याचं काय.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, रत्नागिरीला रिटायर झाले. त्यांना फोटो दाखवला तर दहा सेकंद बघून म्हणाले, "अगं थर मोज की."

"काय?"

"विटांचे थर. गवंडी थर चुकवत नाही. चार थराला फूट धर, जुनी इंग्लिश वीट असेल तर. आमच्या सिमेंटच्या हिशोबातल्या विटेला तीन थरांचा फूट. आणि आपल्याकडे तर वीटच कुठे, चिरा, एक चिरा ठेवला की संपलं."

एवढं साधं आणि मला सुचलं नाही. मी आठवडाभर फोटोवरून पर्स्पेक्टिव्ह सरळ करायचं सॉफ्टवेअर शिकत बसले होते.

मग गेले चौकात, फूटपट्टी धरून बघितली, बाबांचा हिशोब जवळजवळ बसतो. मग बाकावर बसून झूम केलेल्या फोटोवर टाचणीच्या टोकाने एक एक थर. लाल, लाल, लाल, काळा, लाल. पन्नासनंतर डोळे फिरतात, मग प्रत्येक दहाव्या थराला फोटोवर ठिपका द्यायचा. एक आजोबा शेजारी येऊन बसले, बराच वेळ बघत होते, मग म्हणाले मीपण पूर्वी मोजायचो, कंटाळवाणं प्रवचन असलं की खांब मोजायचो. मी म्हटलं खांब फार नाहीयेत इथे. ते म्हणाले म्हणूनच लवकर संपायचे.

आणि ह्या हिशोबातून एक गंमत निघाली. १:१५० ला एक थर म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि माझ्याकडे जो पुठ्ठा आहे तोही बरोबर अर्ध्या मिलिमीटरचा. एक पुठ्ठा, एक वीट. हे डोक्यात घोळतंय.

२२ फेब्रुवारी

रंगवायचा प्रयत्न संपूर्ण फेल. चौकाकडची भिंत जाड ग्रे पुठ्ठ्यात कापली, मास्किंग टेप लावून गुलाबी-लाल आणि काळे पट्टे पोस्टर कलरने मारले. टेपखालून रंग गळला, पुठ्ठा भिजून पापडासारखा वळला. वजनाखाली ठेवून सरळ केला तरी दिसायला नाटकाच्या पडद्यासारखा. नवरा म्हणाला छान आहे की, म्हणजे वाईट आहे.

काय चुकतंय ते बघायला गुरुवारी परत गेले, आणि नीट जवळ जाऊन, नाक भिंतीला लागेल एवढं जवळ, बघितलं. काळा पट्टा म्हणजे भिंतीवरचा रंग नाही, तिथे वीटच काळी आहे. नागमोडी नक्षी आहे ती विटा फिरवून, डोकं बाहेर काढून, मध्ये दगडाचा तुकडा बसवून केलेली. हे वाक्य मी परीक्षेत दहा वेळा लिहिलंय, बटरफिल्ड म्हणजे स्ट्रक्चरल पॉलिक्रोमी, पूर्ण मार्क, पण त्याचा अर्थ काय तर वरून काहीही लावलेलं नाही, खरवडलं तरी रंग जाणार नाही, हे पुठ्ठा वाकडा झाल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही. पैठणीचा काठ जसा विणतानाच येतो, नंतर छापत नाहीत, तसं.

आणि वीट का, ह्यालाही कारण आहे. तेव्हा चांगलं चर्च म्हणजे दगडाचं, वीट म्हणजे गोदामं आणि कामगारांची घरं. पण लंडनमध्ये कोळशाचा धूर, दगड काही वर्षांत काळा पडायचा आणि त्यावरचं कोरीव काम काजळीत बुजून जायचं. ह्याने विचार केला की शहराचं चर्च शहराच्या मालाचं करू. विटेवरचा सरकारी कर १८५० मध्येच उठला होता, त्याच वर्षी ह्याचं काम सुरू. पण पैसे वाचवायला वीट घेतली असं समजू नका, त्याने निवडलेल्या विटा दगडापेक्षा महाग पडल्या असं सांगतात. एकूण खर्च ७० हजार पौंडांच्या आसपास गेला, त्या काळात.

ह्या माणसाबद्दल मला आवडणारी एक गोष्ट म्हणजे तो आधी बिल्डरकडे उमेदवारीला होता, सोळा-सतरा वर्षांचा असताना, मग आर्किटेक्ट झाला. वडिलांचं स्ट्रँडवर औषधाचं दुकान. वीट हातात घेतलेल्या माणसाचं ड्रॉइंग आहे हे, ते दिसतं.

तर पोस्टर कलर कचऱ्यात. रंगीत पुठ्ठा आणायचा.

२ मार्च

रंगीत पुठ्ठा, सगळा आरपार रंगाचा, वरून छापलेला नाही. पांढऱ्या गाभ्याचा घेतला तर कापल्यावर कडा पांढरी दिसते, हे दुकानात एक कोपरा फाडून बघितलं, दुकानदार बघत होता, मग तो कागद विकत घ्यावाच लागला.

पहिली आयडिया: खरोखर थरावर थर. पट्ट्या आडव्या रचून भिंत, एक पट्टी एक थर. साठ पट्ट्यांची एक टेस्ट भिंत केली, म्हणजे पंधरा फूट. तीन तास. दिसायला अप्रतिम, कड सरळ, काळा पट्टा भिंतीच्या आतून बाहेर आलाय असा दिसतो कारण तो खरंच आतून आलाय. पण फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद प्रत्येक थरात थोडासा जाडी वाढवतो, साठ थर झाल्यावर तीस मिलिमीटरची भिंत बत्तीस झाली. गवंड्याच्या भाषेत सांधा जाड झाला. बाबा हसले. म्हणाले आमच्याकडे असं झालं की काम तोडायला लावायचो.

दुसरं म्हणजे नागमोडी नक्षी अशी होतच नाही, तिथे एकाच थरात दोन रंग येतात.

तर मधला मार्ग. साधे पट्टे आहेत तिथे थर रचायचे, गोंद पातळ करून ब्रशने, आणि दर दहा थरांनी पट्टीने मोजायचं. नक्षी आहे तिथे पाठीमागे एक पातळ पुठ्ठा घेऊन त्यावर तुकडे शेजारी शेजारी बसवायचे, जिगसॉसारखे, वर एकमेकांवर चढवायचे नाहीत. रंग कुठेच मारायचा नाही. हा नियम आता मॉडेलचा नियम.

८ मार्च

फक्त पट्ट्या कापल्या. ब्लेड एकदा बोटात.

१६ मार्च

आतला भाग. खरं तर आतलं करायचं ठरलं नव्हतं पण छप्पर काढता येईल असं केलं तर आत काहीतरी दिसायला हवं.

आत शिरलं की आधी उदाचा वास येतो, मग अंधार, मग डोळे सरावले की हळूहळू रंग वर यायला लागतात. कुठेही रिकामी जागा नाही. खांब गुळगुळीत लालसर ग्रॅनाइटचे, कमानींच्या वरच्या त्रिकोणात भौमितिक नक्षी जडवलेली, पल्पिट, म्हणजे प्रवचनाचा उंच ओटा, रंगीबेरंगी संगमरवराचं, जमिनीवर टाइल्स. पहिल्यांदा गेले तेव्हा मला अंगावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. आमच्या कोकणातल्या देवळात पांढरा चुना आणि लाकडाचे खांब, डोळ्याला गार वाटतं. इथे म्हणजे लग्नाच्या घरात शिरल्यासारखं. आता वाटतं अंधारात हे रंग हवेतच. लख्ख उजेडात हे सहन होणार नाही, आणि अंधारात पांढरं काही कामाचं नाही.

मॉडेलमध्ये हे नीट कळलं. छप्पर ठेवलं, खोलीतले दिवे बंद केले आणि फोनचा टॉर्च चौकाच्या बाजूने धरला. उजेड दक्षिणेकडून शिरतो आणि सरळ जाऊन उत्तरेच्या भिंतीवर आपटतो. ती भिंत मुकी, खिडकी नाही, कारण शेजारी. आणि नेमकं तिथेच १८७३ मध्ये टाइल्सची चित्रं लावली, डिझाइन बटरफिल्डचं, रंगकाम अलेक्झांडर गिब्जचं, पहिल्या पाद्र्याच्या आठवणीत. ज्या भिंतीवर उजेड पडणार पण ज्यातून येणार नाही तिथे चकाकणारी टाइल. मी अर्धा तास टॉर्च घेऊन खेळत होते.

टाइलच का ह्याचं उत्तर बहुतेक पलीकडे वेदीपाशीच होतं. तिथली चित्रं विल्यम डाइसने भिंतीवर काढली होती, चर्च उघडलं त्या काळातच, आणि ती लंडनच्या हवेत टिकेनात, दुरुस्त्या करूनही. शेवटी १९०९ मध्ये नीनियन कॉम्परने ती नव्याने केली, लाकडी फळ्यांवर. भिंतीवर रंग मारला की काय होतं ते मला पोस्टर कलरने दाखवलंच होतं. मला त्यात थोडा आनंद झाला, कबूल करते.

टाइल्सची भिंत मी प्रिंट काढून चिकटवणार होते. पण नियम! शेवटी पारदर्शक प्लास्टिकखाली रंगीत कागदाचे कण बसवले, मनुष्याकृती वगैरे काही नाही, नुसते उभे ठिपके. दहा हात लांबून चालतं.

संध्याकाळी बाबांना दाखवलं. सगळं बघितलं, खांब, कमानी, टॉर्च, आणि मग विचारलं, "पाणी कुठून जातं?"

"कुठलं पाणी?"

"पावसाचं. मधलं छप्पर उंच, बाजूचं खाली, टॉवर कोपऱ्यात घुसलेला. तिन्हीचं पाणी येऊन मिळतं तिथे पन्हळ पाहिजे. दोन बाजूंना शेजारी, त्यांच्या अंगावर सोडता येणार नाही. मग सगळं चौकात येत असणार. पाइप कुठायत?"

माझ्या मॉडेलमध्ये एकही पाइप नाही. दोन वर्षं त्या चौकात डबा खातेय, मला एकही पाइप आठवेना.

३० मार्च

आज पाडवा, आणि आजच इथली घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे उठेपर्यंत गुढी उभारायची वेळ निघून गेलेली. पुरणपोळी विकतची. असो.

टॉवरचं टोक आज. खालचा टॉवर चौकोनी, वरचं टोक आठ बाजूंचं. चौकोनावर अष्टकोन ठेवला की चार कोपरे उघडे राहतात, तिथे चार अर्धवट पिरॅमिड टेकवलेले असतात, इंग्लिशमध्ये ह्याला ब्रोच म्हणतात. आपल्या देवळांत खांब खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल होत जातो, तिथे कोपरे तासून काढतात. इथे उलट, कोपऱ्यात भर घातलेली.

आठ त्रिकोण कापणं सोपं, ते टोकाला एकत्र आणणं अवघड. आठव्या त्रिकोणाला नेहमी जागा कमी पडते. पहिलं टोक थोडं वाकलं, पुणेरी पगडीसारखं एका बाजूला कललं. काढून परत केलं. आतून एक गोल काडी घातली ओळंबा म्हणून आणि तिच्याभोवती त्रिकोण बांधले, दोऱ्याने, रात्रभर.

मग उरलेली एक काडी चाळीस सेंटिमीटरवर कापली आणि शेजारी उभी केली. ते अफगाण चर्च. १९८ फूट, म्हणजे साठ मीटर. कुलाब्याला ते केवढं मोठं वाटतं, भोवती मोकळं मैदान, झाडं, एके काळी समुद्रातून येणारी जहाजं त्याच्यावर नजर ठेवून यायची. आणि हे त्याच्याहून तीसेक फूट उंच, पण गल्लीतून जाणाऱ्याला पत्ता नाही. मार्गारेट स्ट्रीटवरून चालताना टॉवर पूर्ण दिसतच नाही, मागे जायला जागा नाही ना. फोटो काढणारे चौकात जमिनीवर पाठीवर झोपतात, मी स्वतः बघितलंय.

कुलाब्याच्या बाकांना बंदुका ठेवायला खाचा आहेत. इथल्या चौकाच्या बाजूला एका उंच आधारभिंतीवर गॅब्रिएल देवदूत मेरीला येशूच्या जन्माबद्दल सांगायला आलाय असं शिल्प आहे. फौजेच्या आठवणीचं चर्च आणि गल्लीतलं चर्च, पण विचार एकाच गटाचा, त्या सोसायटीवाल्यांचं अफगाण चर्चच्या डिझाइनवरही लक्ष होतंच. काडी तशीच ठेवलीय बाजूला. मॉडेलला हात लावायचा नाही म्हणून बजावूनही ती दोनदा पडली.

५ एप्रिल

ऑफिसमधले दोघं घरी आले होते. एक जण म्हणाला मस्त, दुसरा म्हणाला मला बटरफिल्ड अजिबात आवडत नाही, कुरूप आहे, पट्टे पट्टे, स्ट्रीकी बेकन. हे नवीन नाही, ह्या स्टाइलला बेकनच्या पट्ट्या म्हणून तेव्हापासून चिडवतात. त्या काळचा मोठा कलासमीक्षक रस्किन, त्याने मात्र ऑल सेंट्सचं काम चालू असतानाच भरपूर कौतुक केलं होतं. आणि ज्याने सगळा प्रोजेक्ट अंगावर घेतला त्या बेरेसफर्ड होपचंच बटरफिल्डशी सजावटीवरून बिनसलं. क्लायंट आणि आर्किटेक्ट, काय नवल. नऊ वर्षं एका प्लॉटवर काम चाललं की कोणाचंही बिनसेल.

मी वाद घातला नाही. पण कुरूप म्हणणाऱ्याला छप्पर काढून दिलं, टॉर्च दिला आणि स्वयंपाकघरात चहा करायला गेले. परत आले तर दोघंही टेबलाला नाक टेकून आत बघत होते. एक म्हणत होता अरे पूर्वेला खिडकीच नाहीये.

पाइपचं काम अजून अडलेलं. मला भर पावसात जाऊन बघायचंय, पाणी खरंच कुठे जातं ते, कोरड्या दिवशी पाइप दिसेल पण कुठला कामाचा ते कळणार नाही. आणि मार्चभर पाऊस नाही, रोज ऊन. इंग्लंडात राहून पावसाची वाट बघणारी मी एकटीच असेन. बाबा रोज विचारतात, आला का? आमच्या घरात जूनमध्ये जे चालतं ते एप्रिलमध्ये चालू आहे.

१६ एप्रिल

आला!

सकाळपासून भुरभुर, साडेबारापर्यंत चांगला लागला. डबा टेबलवर ठेवूनच पळाले. चौकात कोणी नाही. छत्री मागे टाकून वर बघत उभी राहिले, चष्मा भिजला, पुसला, परत भिजला. ओल्या भिंतीत काळ्या विटा अजून काळ्या आणि लाल विटा एकदम ताज्या दिसतात, गणपतीच्या आधी अंगण धुतल्यावर चिऱ्याचा रंग येतो तसा. एवढा चांगला रंग मी कुठल्याही फोटोत बघितला नव्हता.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पाच वाजत आलेले, चहा चालू. फोन वर धरला.

"डावीकडे घे. अजून. थांब. तो बघ, कोपऱ्यात, भिंतीच्या वळणात लपवलाय. हुशार आहे."

"कोण?"

"तुझा बटरफिल्ड. उभ्या पाइपने भिंतीची नक्षी कापायला नको म्हणून वळणात घेतलाय. ऐक, आवाज येतोय का आतून?"

पाइपला कान लावला. येत होता. एका पाइपमधून नुसता ठिबकण्याचा, दुसऱ्यातून चांगला खळखळाट. बाबांनी लगेच निकाल दिला की पहिला वर कुठेतरी पानांनी तुंबलाय, कोणाला तरी सांग. फाटकातून एक बाई छत्री घेऊन आत येत होत्या, त्यांनी मला पाइपला कान लावलेलं बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या. चर्चमध्ये जाणाऱ्या लोकांचा मला हा गुण आवडतो.

आत जाऊन तिथे ड्यूटीवर असलेल्या गृहस्थांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यावर तांब्याची ०.८ मिलिमीटरची तार काळी केली. रंग मारून नाही, मेणबत्तीवर धरून, नियम पाळला. एक तुकडा भिंतीच्या वळणात बसला, दुसरा तीन वेळा पडला, मग सुपरग्लू. तिसऱ्यासाठी तार उरली नाही, शनिवारी आणायची.